घरांतील हवा : चुलीपासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत

आपल्या घरांतून पाणी गाळून पिण्याची रीत किती जुनी आहे, हें सांगावयास नको. तांदूळ निवडावे, पीठ चाळावें, दूध तापवून ठेवावें, पालेभाजी तीन पाण्यांनीं धुवावी, या गोष्टी मुलींना कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं. घरांत वावरतां वावरतां त्या अंगवळणीं पडतात. परंतु जिच्यावांचून आपण पांच मिनिटेंही काढूं शकत नाहीं, त्या हवेची पारख कोणी करतें काय? प्रौढ मनुष्य दिवसाकाठीं दोन-तीन लिटर पाणी पितो. हवा मात्र तो दहा-बारा हजार लिटर आंत घेतो. आणि ही हवा बव्हंशीं घरांतलीच असते. कामाधंद्यासाठीं बाहेर पडणाऱ्यांस निदान पालट तरी मिळतो. स्वयंपाक करणारी स्त्री, तिच्या पदराशीं खेळणारें मूल आणि माजघरांत बसलेलीं वृद्ध माणसें यांच्या वांट्यास मात्र आठौप्रहर तीच हवा येते.

शुद्ध हवा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें महाबळेश्वर नाहींतर समुद्रकांठ उभा राहतो, आणि अशुद्ध हवा म्हटली कीं मुंबई-पुण्याचे रस्ते. जुन्नरासारख्या डोंगरांनीं वेढलेल्या गांवीं हवेची तक्रार करावी असें कोणास वाटणार? परंतु प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे तें हेंच कीं, हवा पुष्कळदां घरांतच बिघडते, आणि ती बिघडविणारेही आपणच असतों; म्हणून ती सुधारणेंही आपल्याच हातीं आहे.

आमचें जुन्नरचें घर

शिवनेरीच्या पायथ्याशीं आमचें जुनें घर आहे. बाहेर ओटा, मग सोपा, मग माजघर, त्यामागें स्वयंपाकघर आणि शेवटीं परसू. स्वयंपाकघर म्हणजे घरांतील सर्वांत आंतली आणि सर्वांत काळोखी खोली. तिला पूर्वी एक हातभर झरोका होता आणि वर कौलांत धुराडें होतें. जुन्या गवंड्यांस आपण अडाणी म्हणतों, पण चुलीच्या नेमकें डोक्यावर धुराडें ठेवावें एवढें शहाणपण त्यांच्यापाशीं होतें. पुढें पावसाची झड आंत येते म्हणून धुराड्यावर पत्रा आला. उन्हाळ्यांत तो काढीत असत. पण एकदां तेथून मांजर उतरून दुधाचें पातेलें सांडलें, तेव्हांपासून तो कायमचा बसला. शेजाऱ्यांनीं भिंत उंच घेतली, तेव्हां झरोकाही बुजला. दोन वाटा बंद झाल्या. धूर मात्र पूर्वीइतकाच राहिला.

या घरांत माझ्या काकू 1966 सालीं लग्न होऊन आल्या. पहाटे पांचाला बंब पेटे, मग चहा, मग दोन वेळचा स्वयंपाक. पंधरा-सोळा माणसांचें घर. रात्रीं नऊपर्यंत चूल विझत नसे. 1988 सालीं गॅस आला, तरी बंब, सणावाराचा स्वयंपाक आणि भाकरी या गोष्टी पुढें कित्येक वर्षें लांकडांवरच चालल्या. चुलीवरच्या भाकरीची गोडी निराळीच, असें जेवणारे म्हणत. भाजणारीच्या डोळ्यांतलें पाणी कांद्याचें असावें अशी त्यांची समजूत असे.

साठी उलटल्यावर काकूंना माडीचा जिना चढतांना दम लागूं लागला. "वय झालें," असें घरांत सर्वांनीं ठरविलें. खुद्द काकूंनींही तेंच ठरविलें. दर पावसाळ्यांत खोकला दोन-दोन महिने राही. अखेर पुण्यास नेलें. तेथील डॉक्टरांनीं त्यांना एका नळींत फुंकावयास लावून श्वासाचें माप घेतलें आणि विचारलें, "विडी-सिगारेट कधीं ओढली आहे काय?" काकूंना हसूं आलें. डॉक्टर हसले नाहींत. त्यांचा दुसरा प्रश्न होता, "घरीं चूल किती वर्षें होती?" सिगारेट ओढणारांस होणारा श्वासनलिका आकसण्याचा जो जुनाट विकार, ज्यास वैद्यकांत 'सीओपीडी' हें नांव आहे, तोच काकूंना झाला होता. झालेली हानि भरून येणार नाहीं, पुढची तेवढी टाळतां येईल, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें.

धुरांत असतें तरी काय?

आमच्या काकूंसारख्या स्त्रिया थोड्या नाहींत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनीं 2009 सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत धूम्रपान न करणारांस होणाऱ्या याच विकारावर एक लेख लिहिला. जगांत तंबाखू ओढणारे सुमारें शंभर कोटी, तर लांकूड, शेणी, काटक्या यांच्या धुरांत वावरणारे सुमारें तीनशें कोटी आहेत. तेव्हां या विकाराचें जगांतील सर्वांत मोठें कारण चुलीचा धूरच असूं शकेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच्याही आधीं, 1980 नंतरच्या एक-दोन वर्षांत, कर्क स्मिथ नांवाच्या अमेरिकन संशोधकानें गुजरातेंतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर लहान यंत्रें बांधून त्या किती धूर आंत घेतात हें मोजलें होतें. कारखान्यांच्या धुराड्यांकडे पाहणाऱ्या शास्त्रज्ञांचें लक्ष घरच्या चुलीकडे वळलें, तें मुख्यतः अशा मोजमापांमुळें.

लांकूड पूर्ण जळलें तर वाफ आणि कार्बन डायऑक्साइड एवढेंच शिल्लक राहील. परंतु घरगुती चुलींत तें कधींच पूर्ण जळत नाहीं. ओल्या लांकडाचें तर विचारूंच नये. अर्धवट जळालेला भाग बारीक कणांच्या रूपानें हवेंत तरंगत राहतो. यांतले जे कण अडीच मायक्रॉनहून लहान, ते विशेष घातक. माणसाचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो; त्यावरून या कणांची कल्पना यावी. नाकांतले केस, घशांतला कफ यांपैकीं कोणाचाही पहारा त्यांस अडवीत नाहीं. ते थेट फुप्फुसाच्या तळाशीं जाऊन बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेनें 2021 सालीं घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणें अशा कणांचें प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीनें दर घनमीटर हवेंत 15 मायक्रोग्रॅमहून अधिक नसावें. आपल्या देशाच्या 2009 च्या मानकांनीं 60 पर्यंत मुभा दिली आहे. बंद स्वयंपाकघरांत चूल पेटली असतां हें प्रमाण कित्येक शेंकड्यांवर आणि कधीं कधीं हजारांवर जातें. घरांतील अशा धुरानें 2020 या एका सालीं जगांत 32 लक्ष माणसें अकालीं दगावलीं, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पांच वर्षांखालील बालकें 2 लक्ष 37 हजारांवर होतीं.

धुराचे गुण आणि त्याचे दोष

धुराला केवळ दोष देऊन भागणार नाहीं. जुन्नर आणि आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेस, नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतच्या पट्ट्यांत, पावसाळ्यांत दिवसचे दिवस उघडीप नसते. तेथील महादेव कोळ्यांच्या घरांत चुलीवरच्या माळ्यावर बियाणें ठेवतात. धुरानें त्यास कीड लागत नाहीं. छपराचें लांकूड टिकतें, ओलीं सरपणें वाळतात, डांस हटतात. शिवाय कारवीच्या कुडाच्या भिंतींना फटी असतात. त्यांतून पुष्कळसा धूर निघून जातो. आतां तेथेंही विटा-सिमेंटचीं पक्कीं घरें झालीं. फटी बुजल्या, आणि चूल मात्र तीच राहिली. घर सुधारलें आणि हवा बिघडली, असा हा विचित्र योग आहे.

2016 सालच्या मे महिन्यांत सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें अनेक गरीब घरांत गॅस पोंचला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु टाकी मिळणें निराळें आणि ती वेळच्या वेळीं भरून आणणें निराळें. म्हणून कित्येक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी-कालवण चुलीवर असें चालतें. आपल्या घरीं कामास येणारी बाई पहाटे स्वतःच्या चुलीचा धूर खाऊन येते, हें आपण ध्यानांत ठेवावें. तिची टाकी भरून देणें ही दिवाळीच्या लुगड्याइतकीच चांगली ओवाळणी आहे.

ज्यांच्या दारांत गोठा आहे त्यांस गोबरगॅस हा उत्तम उपाय. रोज पंचवीस किलो शेण, म्हणजे दोन-तीन जनावरांचें, मिळत असेल, तर एक घनमीटरचें लहान संयंत्र तीन-चार माणसांच्या स्वयंपाकापुरतें चालतें; आणि खत मिळतें तें निराळेंच.

चूल टाळतांच येत नसेल तेथें धुरास वाट करून द्यावी. हा विचार महाराष्ट्रांत नवा नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यांतून 1947 च्या सुमारास 'मगन चूल' पुढें आली. तींत धूर नळावाटे घराबाहेर काढून देण्याची योजना होती. पुढें सरकारनें सुधारलेल्या चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हातीं घेतला आणि 2002 पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या. त्यांतल्या पुष्कळ थोड्याच दिवसांत मोडल्या किंवा टाकून दिल्या गेल्या. नळांतली काजळी कोणी काढली नाहीं. कोठें तवा नीट बसेना, कोठें मोठें भांडें. ज्या बाईला चुलीपुढें बसावयाचें, तिला विचारून चूल घातली गेली नव्हती, हें याचें मूळ. घरच्या सुधारणेसही हा धडा लागू आहे.

वाट कशी पाहावी?

गॅस आला म्हणजे हवा आपोआप शुद्ध झाली, असें समजूं नये. फोडणीचा खाट, तळणाचा धूर आणि खुद्द ज्योतीपासून निघणारे वायु हे उरतातच. ऊन हवा वर चढते. म्हणून तिला बाहेर जाण्याची वाट उंचावर, शेगडीच्या जवळ पाहिजे, आणि ताजी हवा आंत येण्याची वाट समोरच्या बाजूस, खालीं पाहिजे. एकच खिडकी असेल तर हवा येईल कोठून आणि जाईल कोठें? बाहेर फेंकणारा पंखा लावावयाचा तर तो शेगडीच्या बाजूच्या भिंतींत वर लावावा आणि स्वयंपाक आटोपल्यावरही दहा-पंधरा मिनिटें चालूं ठेवावा.

आपल्या स्वयंपाकघराची परीक्षा अगदीं सोपी आहे. एक उदबत्ती पेटवून शेगडीजवळ धरावी आणि तिच्या धुराची रेघ कोठें जाते तें पाहावें. ती खिडकीकडे ओढली गेली तर ठीक. जागच्या जागीं घुटमळली किंवा माजघराकडे वळली, तर आपल्या घरीं काय होत आहे तें कळलें.

खिडक्या केव्हां उघडाव्या, यालाही नियम आहे. पहाटेची हवा सर्वांत निर्मळ, ही समजूत हिवाळ्यापुरती खरी नाहीं. थंडींत जमिनीलगतची गार हवा जडपणें खालीं बसते, आणि आळींतल्या सगळ्या बंबांचा व पेटविलेल्या पालापाचोळ्याचा धूर तींत कोंडून राहतो. तेव्हां अशा दिवसांत ऊन चढल्यावर दारें-खिडक्या मोकळ्या कराव्या. पावसाळ्यांत उघडीप मिळेल तेव्हां कराव्या. दमट भिंतींवर बुरशी चढते, आणि दम्याच्या माणसास ती धुराइतकीच बाधते. तीवर नुसता रंग फांसणें म्हणजे मळक्या कपड्यावर अत्तर शिंपडणें होय. आधीं गळती थांबवावी.

न दिसणारे शत्रु

धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून त्याची तक्रार तरी होते. कोळशाच्या शेगडीचें तसें नाहीं. निखारे फुलले, धूर थांबला, कीं शेगडी निर्धोक वाटते आणि आपण ती खोलींत घेऊन दार लावतों. याच वेळीं तिच्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघत असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यावर प्राणवायु बसावयाचा, त्याला हा वायु दोनशें पटींहून अधिक जोरानें चिकटतो. डोकें जड होतें, झोंप येते, आणि ती झोंप कित्येकांची शेवटची ठरली आहे. बंद न्हाणीघरांत बसविलेल्या गॅसच्या गीझरापासूनही हाच धोका असतो. तो नेहमीं बाहेरच्या बाजूस बसवावा, आणि न्हाणीघराचा झरोका केव्हांही बुजवूं नये.

डांसांसाठीं जाळावयाच्या कॉइलची गोष्ट अशीच. 2003 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय तपासणींत, एक कॉइल पूर्ण जळल्यानें निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींच्या कणांइतके भरले. घरांत कोणी सिगारेट ओढूं लागला तर आपण त्याला बाहेर घालवूं. आणि मुलांच्या उशाशीं मात्र रात्रभर कॉइल ठेवूं! मच्छरदाणी खाटेला बांधावी आणि तिन्हीसांजेच्या आधीं जाळीचीं दारें लावावीं, हा जुनाच उपाय बरा.

देवघराविषयीं लिहितांना संकोच वाटतो. परंतु देवाला आपल्या छातींतला दमा खचित नको असेल. एक उदबत्ती, तीही खिडकी उघडी ठेवून, पुरेशी आहे. धूप घालावयाचा तो तुळशीपुढें मोकळ्या अंगणांत घालावा. सुगंध दरवळावा, धूर कोंडूं नये.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. खोलींत दोन-चार कुंड्या ठेवल्या कीं हवा शुद्ध होते, असें अलीकडे पुष्कळांस वाटतें. 1989 सालीं अमेरिकेंत बंद पेटींत झाडें ठेवून केलेल्या प्रयोगांवरून ही समजूत पसरली. परंतु 2019 सालीं अशा सर्व प्रयोगांची छाननी झाली, तेव्हां असें दिसलें कीं, साध्या वायुवीजनाची बरोबरी करावयास दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडें लागतील. झाडें अवश्य लावावीं, तीं डोळ्यांस सुख देतात; पण खिडकीचें काम कुंडीवर सोंपवूं नये. विजेवर चालणारीं हवा गाळण्याचीं यंत्रें कण पकडतात, हें खरें. आजारी माणसाच्या खोलींत त्यांचा उपयोगही होतो. परंतु विषारी वायु त्यांना बहुधा अडवितां येत नाहींत, आणि चूल धुमसत असतां यंत्र लावणें म्हणजे गळक्या छपराखालीं फडकें घेऊन बसणें होय.

बाळंतिणीची खोली

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतें. गेल्या हिवाळ्यांत काकूंची नात पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली. बाळंतपण दवाखान्यांत सुखरूप झालें, आणि चौथ्या दिवशीं मायलेकरें घरीं आलीं. माजघराशेजारची लहान खोली तयारच होती: खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, दाराला गोधडी, बाजेखालीं शेगडी, आणि पळींत ओवा, बाळंतशेपा व लसणीचीं सालें धुरीसाठीं काढून ठेवलेलीं. हें सर्व प्रेमानें केलेलें होतें, यांत शंका नाहीं.

काकू काठी टेंकीत दारापर्यंत आल्या, क्षणभर थांबून त्यांनीं श्वास घेतला, आणि म्हणाल्या, "शेगडी बाहेर न्या."

एका वडीलधाऱ्या बाईंना राग आला. "आमचीं बाळंतपणें अशींच झालीं हो!" त्या म्हणाल्या.

"झालीं," काकू म्हणाल्या. "माझींही याच खोलींत झालीं. माझा दुसरा मुलगा तिसऱ्या महिन्यांत छातीनें गेला, तोही येथेंच. तो धुरानें गेला असें मी म्हणत नाहीं; कशानें गेला तें तेव्हां कोणी सांगितलें नाहीं. पण या पोराला ऊब द्या, धूर देऊं नका."

चाळीसांहून अधिक वर्षांत त्या मुलाचें नांव घरांत कोणी काढलें नव्हतें. शेगडी बाहेर गेली.

न्यूमोनिया हा तान्ह्या मुलांचा मोठा वैरी, आणि धुरानें त्याचा धोका वाढतो, हें आतां सिद्ध झालेलें आहे. नवजात बालकाचा श्वास आपल्याहून फार जलद चालतो. त्याच्या इवल्याशा छातींत वजनाच्या मानानें आपल्याहून अधिक हवा जाते, आणि तिजबरोबर अधिक धूर. म्हणून रीत मोडावयाची नाहीं, तिचा हेतु तेवढा राखावयाचा. शेक द्यावयाचा तर शेगडी अंगणांत पेटवावी, कापड तेथें तापवावें, हातानें ऊन पाहावें आणि मग आंत आणावें. बाळाला टोपडें, पायमोजे आणि आईच्या अंगाची ऊब यांहून चांगली शेगडी नाहीं. खोलीची एक वरची खिडकी, वाऱ्याचा झोत बाजेवर येणार नाहीं अशा बेतानें, दिवसां उघडी असावी.

त्या महिन्यांत आमच्या घरीं आणखी एक काम झालें. स्वयंपाकघरावरचा धुराड्याचा पत्रा निघाला, त्या जागीं मांजर येऊं नये म्हणून जाळी बसली, आणि झड अडावी म्हणून वर हातभर उंचीवर छोटेंसें छप्पर आलें. बंबाच्या जागीं छपरावर सूर्यबंब आला. या सर्वांस दिवाणखान्यांतील मोठ्या पडद्याच्या दूरदर्शन-संचाहून कमी खर्च आला. पण संच आधीं आला होता आणि धुराडें मागून उघडलें, हें कबूल केलें पाहिजे. काकूंचा दम गेलेला नाहीं, तो जाणारही नाहीं. परंतु यंदाच्या पावसाळ्यांत त्यांचा खोकला पंधरा दिवसांत आटोपला, आणि त्यांचा पणतू त्याच स्वयंपाकघरांत रांगत आहे.

शेवटीं घरांतील कर्त्या पुरुषांस एक विनंति आहे. पंखा कोठें लावावा, खिडकी कोठें पाडावी, याचा निर्णय बहुधा सोप्यावर बसून होतो. तो घेण्यापूर्वीं आपण एक दिवस, सकाळचा स्वयंपाक सुरू झाल्यापासून शेवटची पोळी उतरेपर्यंत, स्वयंपाकघरांत पाट मांडून बसावें. मध्यें उठून बाहेर जाऊं नये. मग निर्णय करावयास फार वेळ लागणार नाहीं.